नाव न छापण्याची गोष्ट

गोष्ट ऑगस्ट २०२४ मधली. कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात एका तरुण डॉक्टरवर अत्याचार करून तिचा खून झाला. ती बातमी येऊन चार दिवस होतात न होतात, तोच त्या मुलीचा फोटो आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येऊन धडकला. हा ग्रुप एरवी वाढदिवसाचे केक, गौरीपुढची आरास आणि गुडघेदुखीवरचे घरगुती उपाय यांनी भरलेला असतो. पाठवणारा माझा पुतण्या. नोकरीला लागून चार वर्षं झालेला, सरळमार्गी, रक्तदान शिबिरात पहिला उभा राहणारा मुलगा. फोटोखाली तिचं पूर्ण नाव, आणि एक ओळ : न्याय मिळेपर्यंत पुढे पाठवत राहा.

मी त्याला फोन केला. म्हटलं, ‘‘बाबा रे, हा गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.’’ तो खरोखरच दचकला. म्हणाला, ‘‘काका, मी तर तिच्या बाजूनंच बोलतोय ना? यात मी वाईट काय केलं?’’

प्रश्न प्रामाणिक होता, आणि त्याचं उत्तर फोनवर दोन मिनिटांत देण्याजोगं नव्हतं. ते द्यायचं तर पन्नासेक वर्षं मागं जावं लागतं. कोलकात्याला नव्हे, तर आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात.

२६ मार्च १९७२. देसाईगंज, म्हणजे आपण ज्याला वडसा म्हणतो, तिथलं पोलीस ठाणं. हा भाग तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होता, आज तो गडचिरोलीत आहे. आईबाप नसलेली, मोलमजुरी करून जगणारी एक आदिवासी मुलगी रात्री जबाबासाठी ठाण्यात आणली गेली. वय चौदा ते सोळाच्या दरम्यान. बरोबरचे नातेवाईक बाहेर थांबवले गेले, आणि ठाण्याच्या आत तिच्यावर अत्याचार झाला, अशी फिर्याद दोन पोलिसांविरुद्ध दाखल झाली. सत्र न्यायालयानं दोघांना सोडलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं १९७६ मध्ये तो निकाल फिरवून शिक्षा दिली. भीतीपोटी गप्प राहणं आणि संमती देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं नागपूरच्या न्यायमूर्तींनी स्पष्ट सांगितलं. पण सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही पोलिसांना पुन्हा निर्दोष ठरवलं. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिनं आरडाओरडा केल्याचं दिसत नाही, म्हणजे तिची संमती होती, असा त्या निकालाचा एकूण रोख होता.

हा खटला कायद्याच्या पुस्तकांतून त्या मुलीच्या नावानंच ओळखला जातो. ते नाव मी इथं घेणार नाही.

निकाल लागला आणि वर्षभर कुणाच्या फारसा लक्षातही आला नाही. मग १६ सप्टेंबर १९७९ रोजी कायद्याच्या चार अध्यापकांनी भारताच्या सरन्यायाधीशांना एक खुलं पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार. चौघांपैकी दोन नावं आपल्या मराठी मंडळींची, हे आपल्याला फारसं ठाऊक नसतं. ठाण्यात, दाराबाहेर माणसं थांबवलेली असताना, पोलिसाच्या हातात सापडलेल्या मुलीनं ‘नाही’ कुठल्या तोंडानं म्हणायचं होतं, असा त्या पत्रातल्या युक्तिवादाचा मथितार्थ. ज्यांना ते पत्र लिहिलं ते सरन्यायाधीश होते यशवंतराव चंद्रचूड. हे नाव ध्यानात असू द्या, पुढं त्याचं काम पडणार आहे.

पत्र वर्तमानपत्रांत आलं, आणि ठिणगी पडली. १९८० च्या सुरुवातीला मुंबईत स्त्रियांचा एक मंच उभा राहिला. ८ मार्चला अनेक शहरांत मोर्चे निघाले. खटल्याची फेरसुनावणी झाली नाही, पण कायदा बदलण्याची मागणी सरकारला ऐकावी लागली. विधेयक आलं, संयुक्त समितीकडं गेलं, आणि १९८३ च्या शेवटी फौजदारी कायद्यातली दुरुस्ती अमलात आली. कोठडीतल्या बलात्काराला वेगळी, कडक शिक्षा ठरली, आणि अशा खटल्यांत स्त्रीनं ‘संमती नव्हती’ असं सांगितलं तर न्यायालयानं ते धरून चालावं, असं ठरलं. सुनावणी बंद दाराआड घेण्याची तरतूद झाली. आणि त्याच दुरुस्तीत, जरा मागच्या बाकावर बसल्यासारखं, एक नवं कलम आलं : भारतीय दंड संहितेचं २२८-अ.

ज्या व्यक्तीवर बलात्कार झाल्याचा आरोप आहे तिचं नाव, किंवा तिची ओळख पटेल असा कोणताही मजकूर, जो कोणी छापील किंवा प्रसिद्ध करील त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. अपवाद तीन. पोलीस अधिकाऱ्यानं तपासासाठी, सद्‌हेतूनं, लेखी आदेश दिला तर. त्या व्यक्तीनं स्वतः लेखी परवानगी दिली तर. आणि ती मरण पावली असेल, अज्ञान असेल किंवा तिची मानसिक स्थिती ठीक नसेल, तर जवळच्या नातलगानं लेखी परवानगी दिली तर. पण ही तिसरी परवानगी नातलगानं कुणालाही द्यायची नाही. सरकारमान्य कल्याणकारी संस्थेच्या अध्यक्षाला किंवा चिटणिसालाच द्यायची.

गंमत अशी, की ज्या स्त्री संघटनांच्या रेट्यामुळं हा कायदा झाला, त्यांच्यातूनच या तरतुदींवर टीका झाली. न्यायालयाच्या परवानगीवाचून अशा खटल्याचं कामकाजही छापायचं नाही, असं याच कलमाचं आणखी एक अंग होतं. वर्तमानपत्रांनी हे प्रकरण लावून धरलं म्हणून तर ते देशाला कळलं. आता त्यांचंच तोंड बांधायचं, ही सेन्सॉरशिप नव्हे काय, असा त्यांचा सवाल होता. तो सवाल तेव्हाही चुकीचा नव्हता आणि आजही तो पुरता सुटलेला नाही.

‘छापील किंवा प्रसिद्ध करील’ या शब्दांत १९८३ चं अख्खं जग आहे. छापणारे मोजके होते, खिळे जुळवणारे हात मोजके होते. दूरदर्शन आणि आकाशवाणी सरकारची. म्हणजे कायदा ज्यांना उद्देशून होता त्यांची यादी एखाद्या टेलिफोन डायरीत मावली असती.

मी त्या काळात एका दैनिकात नवखा उपसंपादक होतो. तालुक्याच्या वार्ताहराचं पाकीट एस. टी.नं यायचं. अशी बातमी असली की मुख्य उपसंपादक लाल शाईनं बाईचं नाव खोडत, वर ‘एका विवाहितेवर’ असं लिहीत आणि कागद पुढं सरकवत. कायदा पाळला गेला. पण बातमीत गाव असायचं, आळी असायची, नवरा कुठल्या साखर कारखान्यात कामाला आहे ते असायचं, आणि फिर्याद देणाऱ्या सासऱ्याचं नाव तर आडनावासकट असायचं. एकदा अशाच एका गावाहून पोस्टकार्ड आलं. आमच्या गावच्या सुनेचं नाव तुम्ही गाळलंत, फार उपकार केलेत, असा त्यात उपरोध होता. पत्ता मात्र बिनचूक दिलात, असं पुढं. खाली सही नव्हती. मुख्य उपसंपादकांनी ते कार्ड टेबलाच्या काचेखाली सरकवलं, आणि पुढं कित्येक वर्षं अशी प्रत्येक बातमी त्या कार्डावरच ठेवून तपासली जाई. ‘ओळख पटेल असा कोणताही मजकूर’ म्हणजे काय, ते मला कायद्याच्या पुस्तकानं नव्हे, त्या कार्डानं शिकवलं.

न्यायालयांनीही हे हळूहळूच आपल्या अंगी लावून घेतलं. १९९४ मध्ये तमिळनाडूतल्या ऑटो शंकरच्या आत्मचरित्राचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढं आला. त्या निकालात न्यायालयानं म्हटलं, की सरकारी दप्तरात आलेली माहिती छापायला एरवी हरकत नाही. पण लैंगिक अत्याचार, अपहरण अशा गुन्ह्यांना बळी पडलेल्या स्त्रीचं नाव आणि प्रसंग वर्तमानपत्रांतून गाजवून तिची आणखी विटंबना होता कामा नये. २००३ मध्ये त्याच न्यायालयानं आपल्यासकट सर्व न्यायालयांना सांगितलं, की निकालपत्रात ‘पीडित’ एवढंच लिहावं, नाव लिहू नये.

तोवर जग बदलून गेलं होतं.

२००४ साली दिल्लीतल्या दोन शाळकरी मुलांची एक खासगी चित्रफीत मोबाइलवरून मोबाइलवर गेली आणि शेवटी एका लिलावाच्या संकेतस्थळावर विक्रीला लागली. कॅमेरा असलेला फोन तेव्हा नवा होता, त्याची घरोघरी अपूर्वाई होती. त्या प्रकरणानं सरकारला जाग आली. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात तोवर फक्त ‘अश्लील मजकूर’ प्रसिद्ध करण्यावर बंदी होती. म्हणजे वाचणाऱ्याच्या मनावर वाईट परिणाम होतो म्हणून बंदी. चित्रातल्या माणसाचं काय होतं, याचा विचारच नव्हता. २००८ मध्ये दुरुस्ती संमत झाली, ऑक्टोबर २००९ पासून ती लागू झाली, आणि कलम ६६-ई आलं. एखाद्याच्या शरीराच्या खासगी भागाचं चित्र त्याच्या संमतीवाचून टिपणं, पाठवणं, प्रसिद्ध करणं हा गुन्हा ठरला. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समिती बसली आणि २०१३ च्या दुरुस्तीत दंड संहितेत ३५४-क आलं. त्याचं एक स्पष्टीकरण मला फार मोलाचं वाटतं. स्त्रीनं चित्र काढायला होकार दिला असेल, पण ते इतरांना दाखवायला दिला नसेल, तरी ते पसरवणं गुन्हाच. म्हणजे एका गोष्टीला दिलेला होकार दुसऱ्या गोष्टीला लागू होत नाही. वडशाच्या त्या निकालापासून इथवर यायला पस्तीस वर्षं लागली.

पण चित्रफितीचा खरा भीषण प्रश्न उभा राहिला तो २०१५ मध्ये. हैदराबादच्या ‘प्रज्वला’ या संस्थेच्या सुनीता कृष्णन यांच्याकडं दोन चित्रफिती आल्या. व्हॉट्सअ‍ॅपवर त्या महिनोन् महिने फिरत होत्या. सामूहिक बलात्काराच्या, आणि चित्रण करणारे स्वतः गुन्हेगारच. चेहरे लपवलेले नाहीत, उलट कॅमेऱ्याकडं बघून हसणारे. इतक्या लोकांनी त्या पाहिल्या होत्या, पुढं पाठवल्या होत्या, आणि पोलिसांत कुणीच गेलं नव्हतं.

कृष्णन यांनी दोन गोष्टी केल्या. त्या चित्रफितींतला स्त्रियांचा चेहरा आणि देह पूर्ण झाकला, पुरुषांचे चेहरे तेवढे उघडे ठेवले, आणि तो भाग इंटरनेटवर टाकून लोकांना आवाहन केलं, की यांना ओळखा. लवकरच त्यांच्या गाडीवर दगडफेक झाली. दुसरी गोष्ट म्हणजे, त्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं आणि सोबत पेन ड्राइव्ह जोडला. न्यायालयानं त्या पत्रालाच याचिका मानून तपास सीबीआयकडं सोपवला. पुन्हा एकदा सरन्यायाधीशांना लिहिलेलं पत्रच.

पुढं गूगल, फेसबुक, मायक्रोसॉफ्ट, याहू अशा कंपन्यांना न्यायालयात यावं लागलं. समिती बसली. प्रत्येक चित्राचा एक आकडी ठसा काढता येतो, बोटाच्या ठशासारखा, आणि तेच चित्र पुन्हा कुणी चढवायला गेलं तर ठसा जुळून ते अडवता येतं, ही युक्ती तिथं मांडली गेली. मात्र व्हॉट्सअ‍ॅपसारख्या ठिकाणी २०१६ पासून निरोप पूर्ण कुलूपबंद जातात. मध्ये कंपनीलाही तो वाचता येत नाही. तिथं ठसा तपासणार कोण? हा पेच पुरता सुटला नाही. २०१८ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयानं अशा तक्रारींसाठी एक संकेतस्थळ उघडलं, जिथं नाव न देताही तक्रार करता येते. २०२१ च्या नियमांनी कंपन्यांना बजावलं, की नग्न किंवा लैंगिक स्वरूपाच्या चित्राबद्दल संबंधित व्यक्तीनं वा तिच्या वतीनं कुणी तक्रार केली, तर २४ तासांत ते काढावं लागेल.

आता मी अशा जागी येतो, जिथं माझं स्वतःचंच मत डळमळतं.

कोलकात्यात २०१२ मध्ये पार्क स्ट्रीट प्रकरण घडलं. वर्षभर त्या स्त्रीचा उल्लेख सगळीकडं ‘पार्क स्ट्रीटची पीडिता’ असाच होत राहिला. २०१३ मध्ये ती स्वतः टीव्हीवर आली, चेहरा न झाकता, आणि आपलं नाव सांगितलं : सुझेट जॉर्डन. लपून राहायला मी गुन्हा केलेला नाही, असं तिचं म्हणणं. २०१५ मध्ये ती आजारानं गेली. तिचं नाव मी बिनदिक्कत घेतो, कारण ते तिनंच आपल्या हाती दिलं आहे. कायदाही तेच म्हणतो : तिची परवानगी असेल तर.

त्याच २०१५ च्या डिसेंबरात दिल्लीच्या ‘निर्भया’च्या आईनं भर सभेत आपल्या मुलीचं खरं नाव उच्चारलं. लाज आम्हाला कशाची, लाज त्यांना वाटावी, हा त्या माउलीचा भाव. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून आले. पण मुलगी हयात नव्हती. आईची ही परवानगी कायद्याच्या चौकटीत बसते का?

या प्रश्नाचं उत्तर ११ डिसेंबर २०१८ रोजी ‘निपुण सक्सेना विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात आलं. न्या. दीपक गुप्ता यांनी लिहिलेलं ते निकालपत्र वाचताना मला आमचं काचेखालचं पोस्टकार्ड आठवत होतं. न्यायमूर्ती लिहितात, की एका प्रकरणात नाव दिलं नाही, पण मुलगी राज्याच्या बोर्डाच्या परीक्षेत पहिली आलेली आहे एवढं सांगितलं आणि राज्याचं नावही दिलं. मग उरलं काय? दुसरीकडं पीडितेचा चेहरा धूसर केला, आणि नातेवाइकांचे व शेजाऱ्यांचे चेहरे आणि गावाचं नाव स्वच्छ दिसत राहिलं. छापील, दृक्‌श्राव्य आणि समाजमाध्यमं, कुठंही, दुरूनसुद्धा ओळख पटेल असं काहीही देऊ नये, हे त्या निकालानं पक्कं केलं. ‘समाजमाध्यमं’ हा शब्द तिथं स्पष्ट आला, म्हणजे माझा पुतण्याही आला.

आणि मृत व्यक्तीचं काय? न्यायालय म्हणालं, मृतांनाही प्रतिष्ठा असते. आंदोलनाला खरं नावच लागतं हे त्यांना पटलं नाही. ‘निर्भया’ हे ठेवलेलं नाव, पण त्याखाली सारा देश उभा राहिलाच की. एक बारीक गोष्ट त्या निकालात उघडी पडली, ती वाचून मी थक्क झालो. नातलगानं मान्यताप्राप्त संस्थेच्या अध्यक्षाला वा चिटणिसाला परवानगी द्यावी, असं १९८३ पासून कायद्यात लिहिलं होतं. पण अशी एकही संस्था केंद्रानं किंवा राज्यांनी तोवर मान्यच केलेली नव्हती. पस्तीस वर्षं दार होतं, द्वारपाल नेमलाच नव्हता. न्यायालयानं मग सांगितलं, की तोवर नातलगांनी सत्र न्यायाधीशांकडं अर्ज करावा, आणि नाव जाहीर करणं खरोखर गरजेचं आहे का ते त्यांनी ठरवावं. त्याच वर्षी कठुआच्या आठ वर्षांच्या बालिकेचं नाव आणि चेहरा घरोघर पोहोचवल्याबद्दल दिल्ली उच्च न्यायालयानं अनेक माध्यमसंस्थांना प्रत्येकी १० लाख रुपये भरायला लावले होते.

हे सगळं बरोबर आहे, असं मी म्हणत असतो, आणि मग मला भंडारा जिल्ह्यातलं खैरलांजी आठवतं.

२९ सप्टेंबर २००६. एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली : आई, मुलगी, दोन मुलगे. महिनाभर ती बातमी महाराष्ट्रात जवळजवळ मुकीच राहिली. मृतदेहांची छायाचित्रं पत्रकांवरून आणि ई-मेलवरून हातोहात फिरू लागली, आणि नोव्हेंबरात रस्ते पेटले. ती छायाचित्रं पाहवत नव्हती. ती फिरली नसती तर? या ‘तर’ला माझ्याकडं उत्तर नाही. मणिपूरची ४ मे २०२३ ची घटना घ्या. १८ मे रोजी गुन्हा नोंदला गेला होता. दोन महिने काही हललं नाही. १९ जुलैला दोन स्त्रियांच्या विटंबनेची चित्रफीत देशभर पसरली, आणि दुसऱ्याच दिवशी पहिली अटक झाली. त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, आणि सरकारनं ती चित्रफीत काढून टाकायला समाजमाध्यमांना सांगितलं. ज्या चित्रानं यंत्रणा जागी झाली, तेच चित्र त्या दोघींच्या आयुष्यातून कधी पुसलं जाणार नाही. पुढं त्या दोघी न्यायालयात आल्या, त्या नाव झाकूनच.

आणि आपल्या बीड जिल्ह्यातली घटना तर अगदी अलीकडची. डिसेंबर २०२४ मध्ये केज तालुक्यातल्या एका सरपंचाची हाल हाल करून हत्या झाली. आरोपपत्राबरोबरची छायाचित्रं ३ मार्च २०२५ रोजी बाहेर आली, रात्रीतून लाखो फोनांवर गेली, आणि दुसऱ्या दिवशी राज्याच्या एका मंत्र्याला राजीनामा द्यावा लागला. ती छायाचित्रं त्या घरातल्या मुलांच्याही फोनवर गेली असतील. हा विचार त्या रात्री किती जणांच्या मनात आला, कोण जाणे. माझ्या आला तोही दुसऱ्या दिवशी सकाळी.

इथं कायद्याची हद्द संपते, हेही सांगितलं पाहिजे. २२८-अ आणि त्याच्या जागी आलेलं भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ हे फक्त लैंगिक गुन्ह्यांपुरतं आहे. लहान मुलांसाठी २०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्यात नाव, पत्ता, छायाचित्र, शाळा, शेजार यांपैकी काहीही माध्यमांनी उघड करू नये असं आहे, पण तेही त्या कायद्यातल्या गुन्ह्यांपुरतं. खुनात, जमावाच्या मारहाणीत बळी पडलेल्या माणसाचं चित्र पसरवू नये, असं स्वतंत्र कलम आपल्या न्याय संहितेत नाही. फ्रान्समध्ये आहे. तिथं फेब्रुवारी १९९८ मध्ये कॉर्सिका बेटाचे प्रशासकीय प्रमुख क्लोद एरिन्याक यांना गोळ्या घालून मारलं, आणि रस्त्यावर पडलेल्या त्यांच्या देहाचं छायाचित्र एका बड्या साप्ताहिकात झळकलं. कुटुंब न्यायालयात गेलं. जून २००० मध्ये तिथल्या संसदेनं कायदा केला, की गुन्ह्याच्या प्रसंगाचं चित्रण बळी पडलेल्याच्या प्रतिष्ठेला गंभीर धक्का देणारं असेल आणि त्याची संमती नसेल, तर कोणत्याही माध्यमातून ते प्रसारित करणाऱ्याला दंड. गुन्हा कोणताही असो. असा कायदा आपल्याकडं असता, तर केजची छायाचित्रं पसरवणाऱ्यांवर खटले भरले गेले असते. मग तो राजीनामा आला असता का? मी दोन्ही बाजूंनी भांडून पाहिलं, एकदाही जिंकलो नाही.

पुतण्याकडं परत येतो. आमचं बोलणं झालं त्यानंतर थोड्याच दिवसांत, २० ऑगस्ट २०२४ रोजी, सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला, की कोलकात्याच्या त्या डॉक्टरचं नाव, छायाचित्रं आणि चित्रफिती सर्व समाजमाध्यमांवरून आणि वाहिन्यांवरून काढून टाकाव्यात. खंडपीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड. १९७९ चं खुलं पत्र ज्यांच्या टेबलावर पडलं होतं, त्या यशवंतरावांचे चिरंजीव.

माझ्या फोननंतर पुतण्यानं ग्रुप उघडून तो फोटो ‘सगळ्यांसाठी’ पुसायचा प्रयत्न केला. पण त्या सोयीला जेमतेम अडीच दिवसांची मुदत असते, ती उलटून गेली होती. त्याच्या फोनवरून फोटो गेला, आमच्या सगळ्यांच्या फोनवर राहिला. मग त्यानं ग्रुपवर लिहिलं, की प्रत्येकानं आपापल्या फोनमधून तो काढावा. एकूण एकतीस जणांचा ग्रुप. तिघांनी अंगठा दाखवला. आत्यानं विचारलं, ‘‘कुठला फोटो?’’

त्या रात्री मी सहज म्हणून वडशाच्या खटल्याचा निकाल फोनवर शोधला. दहा सेकंदांत सापडला. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचं निकालपत्र छापणं हा या कलमाखाली गुन्हा धरू नये, अशी सवलत १९८३ मध्येच ठेवली होती, आणि न्याय संहितेतही ती कायम आहे. निकाल १९७८ चा, नावं न लिहिण्याची सूचना २००३ ची. त्या मुलीचं नाव त्यात पहिल्या पानापासून आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)